सर्व्हर चालू असतो, सेवा बंद असते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे आणि नवी मुंबईच्या पानावर एक बातमी दरवर्षी ठरलेली असते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, नॉन-क्रीमीलेअरसाठी, अधिवासासाठी पालक सकाळपासून रांगेत आणि दुपारी खिडकीवर कागद चिकटवलेला: ‘सर्व्हर डाऊन’. सोबत रांगेचा फोटो, कामावर खाडा पडला म्हणून हळहळणारा एखादा रिक्षावाला आणि ‘तांत्रिक अडचण लवकरच दूर होईल’ हे कोणा अधिकाऱ्याचे वाक्य. बातमी तिथे संपते. नेमके काय बिघडले होते हे कोणालाच कळत नाही. रांगेतल्या माणसाला नाही, बातमीदाराला नाही, पुष्कळदा ते वाक्य बोलणाऱ्या अधिकाऱ्यालाही नाही.

मी ऐरोलीला राहते. महापे-रबाळे पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये वीसेक वर्षे मिडलवेअर सपोर्टचे काम करते आहे. जावा भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम ज्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालतात, म्हणजे वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, टॉमकॅट वगैरे, ते बसवायचे, त्यांच्यावर नव्या आवृत्त्या चढवायच्या आणि मध्यरात्री काही अडले तर उठून बघायचे, असे हे काम. बँका, विमा, सरकारी खाती, सगळ्या प्रकारचे ग्राहक पाहिले. नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.

या कामात मला वारंवार दिसले ते सांगते. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात सर्व्हर बहुतेक वेळा चालूच असतो. तुटलेले असते ते दोन सर्व्हरमधले बोलणे. ते का तुटले हे सर्व्हरने लॉग फाइलमध्ये, म्हणजे स्वतःच्या रोजनिशीत, तारीख-वेळेसकट लिहून ठेवलेले असते. ते वाचायला शिकलेली माणसे कमी आहेत, आणि वाचल्यावर लोकांना सांगायची पद्धत तर जवळजवळ नाहीच. या दोन गोष्टी बदलाव्यात आणि त्यात आपल्या वृत्तपत्राने हात घालावा, यासाठी हे पत्र.

आधी थोडे तांत्रिक सांगावे लागेल. खिडकीवरच्या मुलाच्या संगणकावर जो फॉर्म दिसतो, त्याच्या मागच्या प्रोग्रॅमला स्वतःला फारसे काही ठाऊक नसते. अर्जदाराची ओळख एका खात्याच्या सर्व्हरला विचारायची, जमिनीची नोंद दुसऱ्याला, फी भरली का ते बँकेच्या सर्व्हरला. हे विचारणे-सांगणे ज्या मार्गाने होते त्याला वेब सर्व्हिस म्हणतात. आता नव्या कामांत रेस्ट नावाच्या सुटसुटीत पद्धतीच्या सेवा असतात, पण सरकारी आणि बँकांच्या जुन्या व्यवस्थांमध्ये अजून सोप या जुन्या पद्धतीचे राज्य आहे. सोप म्हणजे एक्सएमएल या मजकूर मांडायच्या ठराविक पद्धतीत बांधलेला निरोप, त्याची १.१ आवृत्ती मे २००० मधली. कोणता प्रश्न कसा विचारायचा, उत्तर कोणत्या रूपात येईल आणि निरोप कोणत्या पत्त्यावर धाडायचा, हे सगळे डब्ल्यूएसडीएल नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. एका दाखल्यामागे अशा चार-पाच सेवा असू शकतात. त्यातली एक गप्प बसली की पडद्यावर चक्र फिरत राहते आणि खिडकीवरचा मुलगा त्याला माहीत असलेले एकच कारण सांगतो. त्याला दोष देऊ नये. त्याच्या पडद्यावर दुसरे काही येतच नाही.

एक उदाहरण तपशिलाने सांगते, कारण सगळा मामला त्यात दिसतो. संस्थेचे नाव देत नाही. एका ग्राहकाची सेवा जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलवायची होती. नव्यावर वाइल्डफ्लाय होता, म्हणजे पूर्वीचा जेबॉस. त्याच यंत्रावर पुढच्या बाजूला अपाची हा वेब सर्व्हर प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा मध्यस्थ, म्हणून उभा. शनिवारी रात्री वॉर फाइल, म्हणजे जावा प्रोग्रॅमचे गाठोडे, चढवली, ब्राउझरमध्ये सेवेचा पत्ता टाकून पुढे प्रश्नचिन्ह आणि डब्ल्यूएसडीएल लिहिले, फाइल उघडली. सगळ्यांनी ‘झाले’ म्हटले. सोमवारी कामकाज सुरू झाले आणि सेवा वापरणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडून एकही व्यवहार येईना. त्यांचे म्हणणे, तुमचा सर्व्हर बंद आहे. आमच्या बाजूचे म्हणणे, सर्व्हर चालू आहे, हे बघा, ब्राउझरमध्ये उघडतो आहे. ब्रिज कॉलवर, म्हणजे सामूहिक फोनवर, दोन्हीकडची डझनभर माणसे आणि तिकडे कुठल्या तरी काउंटरवर लोक ताटकळत.

त्या डझनभरात कोणी ती उघडलेली फाइल तळापर्यंत वाचली नव्हती. डब्ल्यूएसडीएलच्या अगदी शेवटी एक ओळ असते: निरोप कोणत्या पत्त्यावर पाठवायचा. तिथे लिहिले होते १२७.०.०.१, पोर्ट (म्हणजे त्या यंत्राच्या दाराचा क्रमांक) ८०८०. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. पाकिटावर पत्त्याच्या जागी ‘माझे घर’ एवढेच लिहिले तर ते ज्याच्या हातात पडेल तो आपल्याच घरी नेईल. तसे समोरच्या संस्थेचा प्रोग्रॅम फाइल आमच्याकडून घेत होता आणि निरोप मात्र स्वतःच्याच यंत्राला धाडत होता. तिथे ८०८० वर कोणी नव्हते, म्हणून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. त्यांच्या लॉगमध्ये हे स्वच्छ लिहिलेले होते, पत्त्यासकट. त्यांनी ‘रिफ्यूज्ड’ वाचले, पुढचा पत्ता वाचला नाही.

कारण साधे होते. वाइल्डफ्लायच्या कॉन्फिगरेशनमध्ये वेब सर्व्हिसच्या विभागात डब्ल्यूएसडीएल-होस्ट नावाचे एक कलम असते. ते आपण भरले नाही तर सर्व्हर ज्या पत्त्यावर ऐकतो तोच पत्ता तिथे जातो, आणि तोही दिला नसेल तर १२७.०.०.१. जुन्या यंत्रावर कोणीतरी ते कधीकाळी भरले होते. कोणी, केव्हा, याची नोंद नव्हती. बाहेरचे नाव लिहिले, पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची, केली, पोर्ट ४४३ दिला, पुन्हा फाइल उघडून शेवटची ओळ वाचली. व्यवहार सुरू झाले. दुरुस्ती काही मिनिटांची, वाद अर्ध्या दिवसाचा. ‘सर्व्हर डाऊन’ चा कागद ज्यांनी वाचला त्यांना हे कधीच कळले नसेल. त्या दिवशी ज्यांची कामे राहिली त्यांना कळायला हवे होते, असे मला आजही वाटते.

जोडणी न होण्याचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि जावा तिन्ही वेगवेगळ्या शब्दांत सांगते. ‘अननोन होस्ट’ म्हणजे नावाचा पत्ताच सापडला नाही. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यादी, सांभाळणाऱ्याला फोन करा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या पत्त्याच्या यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर दार उघडणारे कोणी नाही. सेवा उठली आहे का, योग्य पोर्टवर आहे का ते बघा. वेबलॉजिकचा नेहमीचा पोर्ट ७००१, वेबस्फिअरचा ९०८०, टॉमकॅटचा ८०८०. एक सर्व्हर काढून दुसरा बसवताना इथे हमखास गफलत होते. आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे निरोप वाटेत कुठेतरी गिळला गेला. बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलने, म्हणजे जाळ्यावरच्या पहारेकऱ्याने. तेव्हा जावावाल्याला झोपेतून उठवून उपयोग नाही, नेटवर्कवाल्याला उठवा. हा फरक समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, पण मी पाहिलेल्या कितीतरी बैठकांमध्ये तिन्ही वाक्यांचे भाषांतर ‘कनेक्ट होत नाही’ एवढेच झाले आणि चुकीच्या माणसांवर तास गेले.

सर्टिफिकेटचा मामला तर आणखी क्लेशदायक, कारण तो कॅलेंडरचा आहे. एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या, समोरचा सर्व्हर खरा आहे हे पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपणार ती तारीख त्याच्यावरच लिहिलेली असते. तरी मुदत संपते, सेवा थांबते आणि लोकांना ‘अचानक तांत्रिक बिघाड’ असे सांगितले जाते. दुसरा प्रकार असा की प्रमाणपत्र ठीक असते, पण आपल्या जावाला ते देणारी संस्था ओळखीची नसते. मग लॉगमध्ये एक लांबलचक तक्रार येते, ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ अशी सुरू होणारी. जावा आपल्या विश्वासातल्या संस्थांची यादी स्वतःच्या घरात, सीएसर्ट्स नावाच्या फाइलमध्ये ठेवते; ऑपरेटिंग सिस्टिमला किंवा ब्राउझरला काय ठाऊक आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. म्हणून ब्राउझरमध्ये पत्ता बिनतक्रार उघडतो आणि जावा मात्र बोलायला नकार देते. कोणीतरी जुन्या जावाच्या यादीत ते प्रमाणपत्र हाताने घातलेले असते, नवी जावा बसवली की यादीही नवी येते आणि ती नोंद मागे राहते. ‘काल तर चालत होते हो’ या वाक्यामागे हे कारण मी अनेकदा पाहिले आहे.

घड्याळाचेही तसेच. सुरक्षेसाठी सोप निरोपावर वेळेचा शिक्का मारलेला असतो. तो तपासणाऱ्या डब्ल्यूएसएसफोरजे या प्रचलित लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचात, नेहमीची मर्यादा ३०० सेकंदांची, आणि शिक्का भविष्यातला असेल तर फक्त ६० सेकंदांची सूट. एका यंत्राचे घड्याळ पाच-सहा मिनिटे मागे राहिले की त्याचा प्रत्येक निरोप शिळा ठरून परत जातो. दोन्ही सर्व्हर चालू, जाळे चालू, पासवर्ड बरोबर आणि तरी काम शून्य. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली ठेवायची आहेत. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचेही बंधन आहे. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

जावाच्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. जावा ६ पासून, म्हणजे २००६ च्या अखेरीपासून, सोप सेवांसाठी लागणारे सामान जावाच्याच पेटीत मिळत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढून टाकले. ते वेगळे आणून जोडावे लागते. पुढे डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावेच बदलली, जावाएक्सचे जकार्ता झाले. टॉमकॅट ९ वर चालणारी वॉर फाइल टॉमकॅट १० वर टाकली की काही वेळा ती बिनतक्रार चढते आणि मग प्रत्येक पत्त्यावर ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, देते, कारण आतले सर्व्हलेट, म्हणजे विनंतीला उत्तर देणारे भाग, त्याला ओळखूच येत नाहीत. शिवाय एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, एक सर्व्हरची आणि एक प्रोग्रॅमने बरोबर आणलेली, यांची टक्कर. यातले काहीच गुप्त नाही, सगळे वर्षानुवर्षे आधी जाहीर झालेले आहे. सुरक्षेसाठी आवृत्ती बदलावीच लागते. बदलण्याआधी चाचणीच्या यंत्रावर सगळ्या सेवा एकदा हाक मारून बघितल्या तर रांगेतल्या लोकांवर ती चाचणी होणार नाही.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त त्रास होतो ती. आपल्या नावांची.

एका कामात तक्रार आली की काही अर्जदारांची नावे प्रश्नचिन्हे होऊन छापली जात आहेत. ‘ज्ञानेश्वर’ च्या जागी ओळीने १० प्रश्नचिन्हे. खिडकीवर सांगितले जात होते की नाव चुकीचे भरले, पुन्हा अर्ज करा. लोक पुन्हा भरत होते, पुन्हा प्रश्नचिन्हे. कारण असे की सर्व्हर विंडोजवर होता आणि अक्षरांचे बाइट, म्हणजे संगणक साठवतो ते आकडे, करताना प्रोग्रॅमने कोणती पद्धत वापरायची हे सांगितलेच नव्हते. जावा १७ पर्यंत, सांगितले नाही तर जावा त्या यंत्राची मूळ पद्धत घेते, आणि ती पश्चिम युरोपीय लिपीची असेल तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होते. तेही कायमचे; एकदा साठवले की मूळ नाव परत मिळत नाही. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ ही सगळ्या लिपी चालणारी पद्धतच नेहमीची झाली, पण जुन्या आवृत्त्यांवरची कामे अजून भरपूर आहेत. तिथे सुरू करतानाच एक ओळ द्यावी लागते, आणि खरे तर प्रोग्रॅममध्येच जागोजागी यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहायला हवे.

याचा दुसरा अवतार अधिक फसवा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे. ‘ज्ञानेश्वर’ चे ३० बाइट झाले. ओरॅकल या डेटाबेसमध्ये नावाचा रकाना ५० चा ठेवला आणि ते ५० बाइट की ५० अक्षरे हे सांगितले नाही, तर नेहमीच्या मांडणीत ते बाइट समजले जातात. म्हणजे मराठीची १६ चिन्हे. स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव मराठीत लिहिणाऱ्याचा अर्ज हमखास अडकणार, इंग्रजीत लिहिणाऱ्याचा सरळ जाणार. डेटाबेस ‘ओरा-१२८९९’ म्हणून रकान्याचे नाव घेऊन तक्रार करतो, सोप सेवा त्याचे रूपांतर एका मोघम ‘फॉल्ट’ मध्ये करते आणि खिडकीपर्यंत येताना उरतो तो तोच कागद. ठाणे जिल्ह्यात, मराठी राजभाषा असलेल्या राज्यात, मराठीत नाव लिहिले म्हणून काम अडावे आणि कोणाला कारणही कळू नये, हे मला सहन होत नाही. चाचणी करणाऱ्याने ‘टेस्ट’, ‘एबीसी’ अशी नावे घालण्याऐवजी चार खरी, लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेली मराठी नावे घातली असती तर पहिल्याच दिवशी हे उघड झाले असते.

सर्व्हर खरोखर गळाठतो तेव्हाही मूळ बऱ्याचदा दुसरीकडे असते. टॉमकॅटमध्ये एका वेळी विनंत्या हाताळणारे धागे (थ्रेड) नेहमीच्या मांडणीत २०० असतात. समोरच्या खात्याची एक सेवा मंदावली आणि आपल्या प्रोग्रॅमने ‘इतक्या सेकंदांत उत्तर आले नाही तर सोडून दे’ असे सांगितले नसेल, तर एकेक धागा तिथे वाट बघत अडकत जातो. सगळे अडकले की ज्या कामांचा त्या सेवेशी संबंधही नाही तीही थांबतात. वेबलॉजिक तर ६०० सेकंद अडकून राहिलेल्या धाग्याला लॉगमध्ये ‘स्टक’ अशी खूण करते. अशा वेळी रात्रपाळीचा मुलगा पहिला प्रश्न विचारतो, “मॅडम, रीस्टार्ट मारू का?” मी म्हणते, “थांब. आधी थ्रेड डंप काढ, लॉग बाजूला ठेव, मग मार.” रीस्टार्टने काम सुरू होते हे खरे, पण कोण कुठे अडकले होते तो पुरावा मेमरीतच असतो आणि तो जातो. दोन दिवसांनी तेच. आठवड्याने तेच. थ्रेड डंप, म्हणजे कोणता धागा कुठे अडकला याची नोंद, काढायला मिनिटही लागत नाही.

या मुलांवर माझा राग नाही, उलट त्यांच्या बाजूने लिहिते आहे. ठाणे, कल्याण, पनवेलहून ट्रान्सहार्बरने लोंबकळत येणारी ही मुले मेहनती आहेत. मुलाखतीला येतात तेव्हा पॉलिमॉर्फिझमची व्याख्या घडाघडा सांगतात. पण समोर पन्नास ओळींचा स्टॅक ट्रेस, म्हणजे बिघाड प्रोग्रॅममध्ये कुठून कुठे गेला याची यादी, ठेवला की पहिली ओळ वाचून थांबतात. मूळ कारण बहुधा शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ (‘यामुळे’) अशा ओळीत असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रोग्रॅम संपादकातूनच चालतो, चालला की जर्नलवर सही. तो दुसऱ्या यंत्रावर, प्रॉक्सीमागे, सर्टिफिकेटसह उभा करायचा आणि मोडला तर शोधून काढायचा, हे शिकवलेच जात नाही. या पट्ट्यात एवढी डेटा सेंटर आणि एवढ्या कंपन्या आहेत. इथल्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एका सत्रात मुद्दाम बिघडवलेला सर्व्हर विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. एकाचा पोर्ट बदललेला, एकाचे सर्टिफिकेट संपलेले, एकाचे घड्याळ मागे, एकाचा डब्ल्यूएसडीएल चुकीचा पत्ता सांगणारा. परीक्षा एवढीच: लॉगवरून कारण लिहा, मराठीत लिहिले तरी चालेल. यासाठी लागणारे बहुतेक सॉफ्टवेअर फुकट मिळते, साधा संगणक पुरतो.

आणि कंपन्यांनी, खात्यांनी या कामाला प्रतिष्ठा द्यावी. नवे फीचर बनवणाऱ्याचे कौतुक होते. बिघाड शोधून त्याचे टिपण लिहिणाऱ्याला ‘सपोर्टवाला’ म्हणतात. कंत्राट बदलले की ती माणसे जातात, त्यांच्याबरोबर डब्ल्यूएसडीएल-होस्ट कोणी भरला होता ही माहितीही जाते. कंत्राटातच अट हवी की प्रत्येक बिघाडाचे कारण आणि दुरुस्ती लिहून द्यायची.

संपादक महोदय, आता आपल्याकडे मागणे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, पण ती मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. अर्जच दाखल होऊ शकला नाही तर मुदत सुरूच होत नाही, अपिलाचा प्रश्नच येत नाही. म्हणून ‘सर्व्हर डाऊन’ चा कागद हा निव्वळ गैरसोयीचा विषय राहत नाही, त्यात नागरिकाचा हक्क न वापरताच हरवतो. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहराने अधिकाऱ्याला विचारावे: कोणती सेवा बंद होती, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, लॉगमध्ये काय कारण आले आणि ते पुन्हा येऊ नये म्हणून काय बदलले. त्या दिवशी उत्तर मिळाले नाही तर महिन्याने पुन्हा विचारावे. लॉग १८० दिवस ठेवायचे बंधन आहे, त्यामुळे ‘आता सांगता येणार नाही’ हे उत्तर महिन्या-दोन महिन्यांत तरी मान्य करू नये.

सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल, आणि त्यात तथ्यही आहे. यंत्रांचे पत्ते, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, अंतर्गत नावे जाहीर करू नयेत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी किती धावपळ केली ते मी विसरलेले नाही. पण ‘बँकेच्या सेवेचे सर्टिफिकेट मंगळवारी संपले, बुधवारी दुपारी नवे बसवले, पुढच्या मुदतीच्या एक महिना आधी आठवण लावली आहे’ एवढे खिडकीवर लिहिल्याने कोणाचीही सुरक्षा धोक्यात येत नाही. रांगेतल्या माणसाला निदान उद्या यावे की परवा, हे तरी ठरवता येईल.

आपल्या वार्ताहरांपैकी कोणाला हे समजून घ्यायचे असेल, किंवा ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाला वर सांगितलेला बिघडलेला सर्व्हर मांडून हवा असेल, तर रविवारी मी येऊन शिकवायला तयार आहे, मानधन नको. माझा संपर्क आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या पाकिटात दिला आहे. सोबत नमुन्यादाखल लॉगची दोन पाने जोडते आहे, सगळी नावे आणि पत्ते काढून. शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ खाली पेन्सिलीने रेघ मारली आहे.

आपली नियमित वाचक,
ऐरोली, नवी मुंबई